उत्तर दिशा तिरकी

मामाच्या दिवाणाखाली सुताराकडून मुद्दाम करून घेतलेले चार चपटे खण आहेत. खणांत एकसष्ट नकाशे. सगळे एकाच शहराचे, चंडीगडचे; आणि तेही पर्यटकांसाठी छापलेले, घडीचे, एका बाजूला शहर आणि पाठीमागे ‘काय पाहाल’ची यादी. नगररचनेचे भलेमोठे आराखडे त्याला नको असतात. मामा पुण्यात जन्मला, पुण्यातच बँकेत नोकरी करून निवृत्त झाला आणि चंडीगडला आयुष्यात दोनदा गेला. दोन्ही खेपा मिळून सहा दिवस.

आई तिथे आठ वर्षं राहिली. १९७१ साली लग्न होऊन गेली. बाबा सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत, आणि बिऱ्हाड सेक्टर वीसमध्ये, एका कोठीच्या गच्चीवरच्या खोलीत, म्हणजे बरसातीत. माझा जन्म सेक्टर सोळाचा. (दवाखान्याचं नाव कुणी सांगत नाही, सेक्टरच सांगतात.) मला त्या शहरातलं काहीच आठवत नाही, त्यामुळे या दोघांच्या भांडणात माझं मत कुणी विचारत नाही. यंदा गौरीजेवणाच्या दुपारी, सगळे लवंडलेले असताना, ते पुन्हा पेटलं आणि मी फक्त ऐकत बसलो.

सुरुवात आईनं केली. “दादा, माझा नकाशा कुठं आहे रे?”

“आहे. सगळ्यात खालच्या खणात.”

“खाली का?”

“त्यावर तू बॉलपेननं गिरवून ठेवलंयस म्हणून. जुन्या कागदाच्या बाजारात त्याला डागी माल म्हणतात.”

हा नकाशा आईनं १९७२ मध्ये पाकिटात घालून आजीला पाठवला होता. मुलगी नेमकी कुठं नांदते ते आजीला कळावं म्हणून तिनं त्यावर घराच्या जागी फुली मारली, दुधाच्या बूथला गोल केला, पिठाच्या चक्कीला बाण काढला. मामाचा सगळा संग्रह या एका कागदावरून सुरू झाला, आणि तोच त्याच्या संग्रहात अस्पृश्य.

“बाकीच्या साठांत कुणाचं घर आहे?” आईनं विचारलं.

“कुणाचंच नाही. ते पर्यटनाचे नकाशे आहेत, कुसुम.”

“तेच म्हणते मी. शहर आहे आणि घर एकाचंही नाही. साठ वेळा जमवलेस तरी नाही.”

मामानं चष्मा पुसला. तो चष्मा पुसायला लागला की लांबण लागणार हे आम्हाला ठाऊक असतं. “हे बघ, आराखडा म्हणजे काय करायचं होतं त्याचा कागद. पर्यटनाचा नकाशा तसा नसतो. घरी पाहुणा आला की आपण बाहेरची खोली आवरतो, आतल्या खोलीचं दार लोटून घेतो. कुठलं दार लोटलं ते पाहिलं की घर कळतं. एका नकाशावरून नाही कळत. पंचवीस-तीस वर्षांचे ओळीनं लावले की कळतं, कुठलं दार कधी उघडलं ते.”

“आणि लोटलेल्या दारामागं जो असतो त्यानं काय करायचं? तुझ्या पुढच्या आवृत्तीची वाट बघायची?”

मला वाटतं सगळं भांडण या दोन वाक्यांत होतं. पण गौरीच्या दुपारी कुणालाच घाई नसते.

मामानं वरचा खण ओढला. डांबरगोळीचा वास आला. त्याचे नकाशे घडी न घालता आडवे ठेवलेले असतात, कारण घडीचा कागद पहिल्यांदा फाटतो तो घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे, आणि मग कुणीतरी शहाणा त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावतो. चिकटपट्टीबद्दल मामा ज्या भाषेत बोलतो ती इथे छापता येणार नाही. कसर लागलेला कागद एक वेळ वाचवता येतो, चिकटपट्टीचा तपकिरी डाग जात नाही.

या नकाशांची खरी गंमत, मामाच्या मते, ही की बहुतेकांवर साल छापलेलं नसतं. पर्यटनाच्या कागदावर साल घातलं की तो शिळा होतो. मग मामा नकाशाची पत्रिका मांडतो. झाकिर हुसेन गुलाबबाग आहे का? म्हणजे १९६७ च्या नंतरचा. सेक्टर दहामधलं संग्रहालय? ते १९६८ चं. रॉक गार्डन आहे का? मग १९७६ च्या पुढचा. कॅपिटॉलच्या, म्हणजे सरकारी इमारतींच्या, आवारात उघड्या हाताचं स्मारक दाखवलंय? ते उभं राहिलं १९८५ मध्ये, शहराचा वास्तुकार ल कॉर्ब्युझिए जाऊन वीस वर्षं झाल्यावर. आणि हरियाणाचं नाव कुठेच नसेल तर आनंदीआनंद, कारण मग तो १ नोव्हेंबर १९६६ च्या आधीचा, नुसत्या पंजाबच्या राजधानीचा. असे मामाकडे तीनच आहेत.

“कुसुम, तुझ्या नकाशात गुलाबबाग आहे, रॉक गार्डन नाही. मी पाकिटावरचा शिक्का न पाहता सांगितलं असतं.”

“मी न सांगताच राहत होते तिथं. तेव्हा रॉक गार्डन नव्हतंच.”

“होतं!” मामा उठूनच बसला. “हेच तर! तू गेलीस तेव्हा ते होतं.”

इथे थोडं सांगायला हवं. नेकचंद नावाचा सार्वजनिक बांधकाम खात्यातला रस्ते निरीक्षक. शहर बांधायला जी खेडी उठवली त्यांच्या घरांचा राडारोडा, फुटकी कपबशी, बाथरूमच्या फरश्यांचे तुकडे, नदीतले गोटे हे सगळं तो सायकलवरून सुखना तलावाजवळच्या जंगलपट्ट्यात नेऊन टाकत होता. त्या पट्ट्यात बांधकामाला बंदी होती. १९५७-५८ च्या सुमाराला त्यानं सुरुवात केली आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत सरकारला पत्ता नव्हता. सापडल्यावर पाडायचं की ठेवायचं याचा खल झाला, लोक त्याच्या बाजूनं उभे राहिले, आणि १९७६ मध्ये बाग लोकांना खुली झाली.

मामानं दोन नकाशे शेजारी ठेवले. एकात उच्च न्यायालय आणि तलाव यांच्या मध्ये नुसता हिरवा रंग. दुसऱ्यात त्याच हिरव्यावर रॉक गार्डन.

“माझ्या साठांत सगळ्यात मोलाचा कुठला विचारशील तर हा, काही नसलेला. या हिरव्याखाली एक माणूस अठरा वर्षं लपून काम करत होता. सरकारी चित्रकारानं त्याच्यावर रंग फासला, आणि त्याला कल्पनाही नाही.”

आई दोन्हीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “उघडलं त्याच वर्षी गेलो होतो आम्ही. हा कडेवर.” हा म्हणजे मी. “बायकांच्या मूर्ती होत्या, अंगभर बांगड्यांचे तुकडे लावलेल्या. पंजाबी बायका हसत होत्या, फोटो काढत होत्या. मला नाही हसू आलं. आपल्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. तिथं वाढवलेल्या बांगड्यांच्या शंभर बायका उभ्या. ज्यांची गावं गेली त्यांच्याच असतील का त्या बांगड्या, असं आलं मनात. हे तुझ्या कुठल्या नकाशात येणार?”

“नाही येणार.”

“झालं तर.”

“पण ते ज्या जागी आलं तुझ्या मनात, ती जागा आधीच्या नकाशात कोरी होती, हे माझ्याशिवाय कोण सांगणार तुला?”

एवढ्यात मामी चहा घेऊन आली, आणि कप नकाशांपासून किती लांब ठेवायचे यावर पाच मिनिटं गेली.

चहानंतर आईनं नवीन बाजू काढली. म्हणाली की ते शहर नकाशासाठीच बांधलेलं आहे, राहायला नंतर दिलं. पुण्यात वाराच्या नावानं पेठा आहेत, तरी पत्ता विचारला तर माणूस मारुती, पार, हौद असं काहीतरी सांगतो. तिथे पत्ता म्हणजे घर नंबर आणि सेक्टर. मोठ्या रस्त्यांकडे घरांनी पाठ केलेली, रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना नुसती झाडं आणि भिंती. दारं सगळी आतल्या बाजूला. पहिल्या महिन्यात ती तीनदा चुकली. वीसऐवजी एकवीसमध्ये गेली, तेच घर वाटलं, तसलंच फाटक. एकदा रिक्षावाल्यानं विचारलं, बीबीजी, कोणता सेक्टर? ती म्हणाली, ज्यात मी राहते तो.

“आठशे बाय बाराशे मीटर,” मामा म्हणाला. “बहुतेक सेक्टर. मध्ये शाळा, बाजार, दवाखाना. पोरानं शाळेत जाताना वेगवान रस्ता ओलांडायचा नाही, हे त्यामागचं. रस्त्यांचे सात प्रकार केले होते, शहराबाहेरून येणाऱ्या हमरस्त्यापासून हिरवळीतल्या पाऊलवाटेपर्यंत. सायकलींचा आठवा नंतर धरला. तू ज्याला पाठ म्हणतेस तो तिसऱ्या प्रकारचा रस्ता. त्यावर दार उघडायचं नाही हा नियमच होता.”

“नियम असेल. पण मला दारात उभं राहून कोण जातं येतं ते बघायचं होतं. लग्न होऊन गेलेल्या पोरीला त्यापलीकडे काम काय असतं?”

यावर मामाकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्यानं अंक काढले. हा त्याचा आवडता खेळ. चंडीगडच्या मूळ आखणीत तेरावा सेक्टर नव्हता, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढचं फार थोड्यांना. नकाशावर वरखाली येणारे सेक्टर घ्या: चार आणि नऊ, बेरीज तेरा. नऊ आणि सतरा, सव्वीस. सतरा आणि बावीस, एकोणचाळीस. तेरा वगळला, आणि बेरजा सगळ्या तेराच्या पाढ्यात. दोन ते पंचवीस या सेक्टरांत कुठेही करून बघा.

“आता यात जादू शोधतात लोक,” मामा म्हणाला. “जादू नाही. शेतात बैल तास संपला की वळतो ना, तसे आकडे घातलेत. सात ते बारा एका दिशेनं गेले, तिथं वळले, चौदा ते एकोणीस उलटे आले, पुन्हा वळले, वीस ते पंचवीस. समोरासमोरची बेरीज सारखी येणारच. आणि बारानंतर चौदा घेतल्यामुळं ती सव्वीस येते. तेरा ठेवला असता तर पंचवीस आली असती, पाढा तिथंच मोडला असता.”

“म्हणजे मी चुकायचे ते बैलामुळं.”

“तू चुकायचीस ते उत्तरेमुळं.”

त्यानं आईचा नकाशा काढला. खालच्या खणातून, दोन्ही तळहातांवर धरून. (डागी मालाला एवढा मान पाहून मला मौज वाटली.) कोपऱ्यातल्या बाणावर बोट ठेवलं. बाण सरळ वर नव्हता, डावीकडे कलला होता. चंडीगडचे रस्ते उत्तर-दक्षिण नाहीत. सगळी चौकट जवळजवळ पंचेचाळीस अंशांनी वळवलेली आहे, कारण जागाच तशी, दोन ओढ्यांच्या मध्ये आणि ईशान्येला शिवालिकच्या टेकड्या. पण छापताना मात्र कॅपिटॉल डोक्यावर, सतराचा चौक काळजाशी, असं शहर माणसासारखं उभं दिसायला हवं, म्हणून पर्यटकांच्या नकाशांत चौकट सरळ ठेवतात आणि उत्तर दिशाच तिरकी करतात. वरच्या रस्त्याचं नाव उत्तर मार्ग, खालच्याचं दक्षिण मार्ग. आणि तो उत्तर मार्ग खरा पाहता ईशान्येला.

आई बाणाकडे बघत राहिली. “म्हणून ऊन तिरकं यायचं,” ती हळूच म्हणाली. “बरसातीत. मला कधी सरळ ऊन मिळालं नाही वाळवणाला. खिडकीतून यायचं ते कोपऱ्यातनं कोपऱ्यात. आठ वर्षं मी म्हणत होते, घरमालकानं घर वाकडं बांधलंय.”

“घर सरळ होतं. शहर तिरकं होतं.”

त्या दिवशी मामाला मिळालेला हा एकमेव निखळ गुण. तो त्यानं लगेच घालवला, कारण विषय काकासाहेब गाडगीळांवर नेला. काकासाहेब १९५८ ते १९६२ पंजाबचे राज्यपाल होते; म्हणजे शहर कोरं करकरीत असताना आपल्या पुण्याचा माणूस तिथला पहिला नागरिक. कॅपिटॉलमध्ये ल कॉर्ब्युझिएनं चार इमारती योजल्या होत्या: सचिवालय, विधानसभा, उच्च न्यायालय आणि राज्यपालांचा महाल. पहिल्या तीन झाल्या. लोकशाहीत राज्यपालाला एवढा महाल कशाला, असं नेहरूंचं मत पडलं आणि चौथा राहिला. “म्हणजे नकाशावरच्या या मोकळ्या जागेत,” मामानं बोट ठेवलं, “खरं तर काकासाहेब राहायचे.”

“उन्हाळ्यात गेला नाहीस कधी तिथं, म्हणून हळहळतोयस. त्या फरशीवर मे महिन्यात पापड भाजतील. सुटले बिचारे.”

पण मग ती गंभीर झाली. तिचं खरं म्हणणं आता आलं. तिला नकाशात महाल नसल्याचं काही नाही, बुडैल नसल्याचं आहे. पंचेचाळीस नंबरच्या सेक्टरच्या पोटात बुडैल हे जुनं गाव आहे, बोळ आहेत, म्हशी होत्या, आईच्या बरसातीत भांडी घासायला येणारी बाई तिथली होती. कागदावर सेक्टरची रेघ गावावरून सरळ गेलेली. तसंच वस्त्यांचं. शहर बांधणारे मजूर शहरात कुठे राहणार, याची जागा चौकटीत नव्हती. मग ज्या वस्त्या झाल्या त्यांना नावंही मिळाली नाहीत, नंबर मिळाले. कॉलनी नंबर चार औद्योगिक भागात कित्येक दशकं होती, २०२२ मध्ये पाडली. मामाच्या साठ नकाशांत ती एकातही नाही.

“आणि तुझं ते झाकण,” आई म्हणाली.

मामा कानकोंडा झाला. झाकणाची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे. चंडीगडच्या गटारांवर बिडाची झाकणं होती, त्यांवर शहराचाच नकाशा ओतलेला: सेक्टरांची चौकट, रस्ते, हिरवा पट्टा. ती झाकणं चोरीला जाऊ लागली, आणि परदेशातल्या लिलावांत दिसू लागली. वास्तुकार पिएर जानरेनं या शहरासाठी केलेल्या खुर्च्यांचंही तेच झालं. कचेऱ्यांनी मोडीत काढलेल्या सागवानी, वेताच्या खुर्च्या युरोप-अमेरिकेत लाखांनी विकल्या गेल्या, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारला हे सामान विकू नका असा हुकूम काढावा लागला. मामाला ते झाकण फार हवं होतं. एका माणसानं देऊ केलंही होतं. मामा दोन रात्री झोपला नाही, मग नको म्हणाला.

“नको म्हणालो होतो मी.”

“म्हणालास. पण झोपला नाहीस ना? तेच सांगते. झाकणावर नकाशा आहे, आणि ते झाकण उचलून आत उतरणारा जिथं राहतो ती जागा त्या नकाशावर नाही. तू त्यातलं झाकण जमवायला निघालास.”

मला वाटतं हे वाक्य तिनं आधीपासून तयार ठेवलं होतं. तरी लागलं. मामा बराच वेळ कागदांच्या कडा जुळवत बसला.

मग म्हणाला, “मान्य. पण कुसुम, बुडैल नाही हे तुला माहीत, कारण तू राहिलीस. तुझ्यानंतर? या पोराला माहीत नाही. पुढं कुणीतरी हे नकाशे ओळीनं लावील, पंचेचाळीसची रेघ बघील आणि विचारील, ही एवढी सरळ कशी? प्रश्न विचारायला तरी कागद लागतो. तुझी ती बाई मी जपू शकत नाही. तिच्यावरून गेलेली रेघ जपू शकतो.”

“रेघ जपून तिला काय मिळालं?”

“काही नाही.”

हे ‘काही नाही’ त्यानं इतकं साधेपणानं म्हटलं की आईनं पुढचा वार केला नाही. मला दोघांपैकी कुणाचं पटलं ते सांगायचं तर, मी त्या क्षणी मामाच्या बाजूला होतो आणि रात्री झोपताना आईच्या.

मामानं विषय बदलला. एका नकाशाच्या कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा होता. खाली नेहमीच्या बारीक अक्षरांतल्या टिपा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून, महासर्वेक्षकांच्या परवानगीनं. सागरी हद्द किनाऱ्यापासून बारा सागरी मैल. (समुद्राचं नाव नाही अशा शहराच्या कागदावर हे वाचताना दर वेळी हसू येतं.) आणि मग ती टीप: चंडीगड, हरियाणा आणि पंजाब यांची प्रशासकीय मुख्यालयं चंडीगडला आहेत. म्हणजे शहर दोन राज्यांची राजधानी, शिवाय स्वतःचीही. १९८५ च्या करारात ते पंजाबला द्यायचं ठरलं, २६ जानेवारी १९८६ ही तारीखसुद्धा ठरली. दिलं गेलं नाही. टीप अजून तशीच छापतात.

“लाहोर गेलं म्हणून बांधलं,” मामा म्हणाला, “आणि अजून कुणाचं ते ठरत नाही.”

“आमची घरमालकीण लाहोरची होती,” आई म्हणाली. “ती म्हणायची, इथं सगळं आहे, फक्त गल्ली नाही. तिच्या नातीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. बोलावलंय मला.”

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मामा काही विचारणार, तेवढ्यात आईनं तिचा नकाशा पुढ्यात ओढला, आणि चौपन्न वर्षांत कुणी घातली नसेल अशी घडी घातली. आधी आडवी, मग तीन उभ्या, आरपार, जुन्या खुणांवरूनच, न बघता. हाताएवढा झालेला कागद तिनं पर्समध्ये टाकला.

“कुसुम! अगं छेदावर फाटेल तो!”

“माझा आहे.”

“अगं पण त्याचा उपयोग काय? बाहत्तरचा नकाशा आहे तो!”

“मग?” आईनं पर्सची चेन ओढली. “सेक्टर हलले का?”